पहिली शेंग रंगली त्या दिवसापासून

वाचकांचे प्रश्न : सोयाबीनची काढणी

ताई, नमस्कार. लातूर जिल्ह्यात माझी पाच एकर जमीन आहे. तीन एकरांवर जेएस ३३५ आणि दोन एकरांवर फुले संगम, दोन्ही वाणांची पेरणी २५ जूनला केली. सप्टेंबर संपताना जेएस वाळलं. वडील म्हणाले, ‘सगळा पाला झडू दे, मग विळा लाव.’ टोळी ठरवली होती, पण मुकादमानं दुसऱ्याचं गुत्तं आधी धरलं. मधे दोन दिवस पाऊस झाला आणि परत कडक ऊन पडलं. ११ ऑक्टोबरला काढणी सुरू झाली तेव्हा दुपारी रानात नुसती तडतड ऐकू येत होती. बायांनी झाड मुठीत धरलं की दाणे उडायचे. फुले संगम १२ तारखेला काढलं, त्यात एवढी फूट नव्हती. आता जेएस ३३५ पेरणं सोडून द्यावं का? आणि नुकसान किती झालं ते कसं काढायचं?
— एक वाचक, औसा तालुका

दादा, ती तडतड मी माझ्या रानात ऐकलेली आहे. २०१८ साली आपल्याकडे पाऊस लवकर आटपला आणि ऑक्टोबरचं ऊन निव्वळ भाजत होतं. हार्वेस्टरवाला रोज ‘उद्या नक्की’ म्हणत होता आणि मी रोज वाट बघत होते. तेरा दिवस पीक वाळून उभं राहिलं. शेवटी मजूर लावून कापलं. त्या संध्याकाळी मी बांधावर बसले तर पायाखालची माती पिवळी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मी मोजायला घेतलं, कारण मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सव्वीस वर्षं बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत दाणे मोजण्याचंच काम केलं. चार काड्या बांधून एक फूट लांब, एक फूट रुंद अशी चौकट केली. रानात दहा ठिकाणी, जागा न निवडता, ती टाकली आणि आतले दाणे वेचून मोजले. सरासरी ३१ दाणे आले. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात आणि जेएस ३३५ च्या शंभर दाण्यांचं वजन साधारण साडेअकरा ग्रॅम धरलं, तर चौरस फुटात १० दाणे म्हणजे एकरी जवळजवळ ५० किलो. एवढा एकच आकडा पाठ ठेवा. माझे ३१ दाणे म्हणजे एकरी १५५ किलो. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,३९९ रुपये क्विंटल, म्हणजे एकरी सव्वापाच हजार रुपये मातीत. पाच एकरांचा हिशेब मी घरात कुणाला सांगितला नव्हता, आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मोजणी दोनदा करा. एकदा कापायच्या आधी उभ्या पिकाखाली, एकदा कापून, उचलून झाल्यावर. पहिला आकडा उशिराचा, आणि दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरतो तो हाताळणीचा. तुमचं रान आता नांगरलं नसेल तर अजूनही मोजता येईल. उगवलेली रोपंसुद्धा दाण्यातच धरा.

आता जेएस ३३५ चं. हे बियाणं टाकून देण्याआधी तुमच्याच तारखा परत बघा. जेएस ३३५ पक्व व्हायला ९५ ते १०० दिवस लागतात. २५ जूनपासून ९७ दिवस मोजले तर ३० सप्टेंबर येतो. फुले संगम १०० ते १०५ दिवसांचं, म्हणजे १०३ धरले तर ६ ऑक्टोबर. एक पीक पक्व झाल्यावर अकराव्या दिवशी कापलं गेलं आणि दुसरं सहाव्या दिवशी. तुम्ही दोन वाणांची तुलना केली असं तुम्हाला वाटतंय, पण खरी तुलना झाली ती अकरा दिवस आणि सहा दिवस यांची. फुले संगम आणखी पाच दिवस उभं असतं तर काय झालं असतं, हे तुमच्या रानानं अजून दाखवलेलं नाही.

शेंग का फुटते ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. शेंगेची दोन टरफलं पाठीवर आणि पोटावर अशा दोन शिवणींनी जोडलेली असतात. टरफलाच्या आतल्या बाजूला कडक तंतूंचा एक थर असतो. ओलावा गेला की तो थर आकसतो आणि टरफलाला पीळ द्यायला लागतो. दोन्ही टरफलांना पिळायचं असतं, शिवण त्यांना धरून ठेवते. शिवण सुटली की ताण एकदम मोकळा होतो आणि दाणा लांब फेकला जातो. फुटलेली शेंग हातात घेऊन बघा, दोन्ही टरफलं स्क्रूसारखी वळलेली दिसतील. रानटी सोयाबीन चीन, कोरिया, जपानकडे अजून उगवतं, ते असंच बी फेकून आपला वंश वाढवतं. माणसानं शेकडो पिढ्या न फुटणाऱ्या शेंगांचं बी राखत राखत ही खोड कमी केली, पण पूर्ण घालवली नाही. जपानी संशोधकांनी २०१४ साली ‘पीडीएच १’ नावाचं जनुक दाखवून दिलं. ते चालू असलं की वाळताना टरफलाला जास्त पीळ बसतो, आणि ज्या वाणात ते बंद पडलेलं आहे त्याची शेंग कोरड्या हवेतही जास्त टिकते.

तुमच्या रानात यात आणखी एक भर पडली. वाळलेली शेंग पावसानं भिजली, फुगली आणि परत उन्हानं आकसली. असं भिजणं-वाळणं झालं की शिवण लवकर कमजोर होते. दोन दिवसांचा पाऊस झाला, म्हणून काढणी दोन दिवस पुढे ढकलली तरी चालेल असं आपण धरतो. प्रत्यक्षात त्या पावसानं तुमच्या हातातले दिवस कमी केलेले असतात.

वडिलांच्या सांगण्याबद्दल जपून लिहिते, कारण त्यांच्या अनुभवाचा मान आहे. पण पाला बघून काढणी ठरवू नका. पाला कधी शेंगेच्या आधी जातो, कधी मागे राहतो. तांबेरा पडला, पाण्याचा ताण बसला की पानं लवकर गळतात आणि दाणा कच्चा असतो. उलट पिवळा मोझॅक रोग झालेली झाडं, किंवा ज्यांना शेंगा कमी लागल्या अशी झाडं, शेंग वाळली तरी खोडानं आणि पानानं हिरवी राहतात. त्यांच्यासाठी थांबलात तर चांगल्या झाडांच्या शेंगा फुटतात. बघायची ती शेंग.

मी असं करते. पेरणीला ८५ दिवस झाले की रोज सकाळी रानात एक फेरी. मुख्य खोडावरची एक तरी शेंग हिरवा रंग सोडून पिवळसर-तपकिरी झाली, असं बऱ्याच झाडांवर दिसलं, की दाण्यात भरायचं ते भरून झालेलं असतं. त्यानंतर फक्त पाणी कमी होत जातं. त्याच दिवशी मी मुकादमाला फोन करते. पीक पूर्ण वाळल्यावर टोळी शोधायला निघालं तर उशीर झालेलाच असतो, कारण त्याच आठवड्यात सगळ्या गावाचं वाळलेलं असतं. पहिल्या रंगलेल्या शेंगेपासून साधारण आठ-दहा दिवस मिळतात, आणि टोळी बांधायला तेवढे लागतातच. शंभरातल्या पंच्याण्णव शेंगा रंगल्या आणि झाड कानाजवळ हलवल्यावर दाणा खुळखुळला, की विळा लावायचा. उरलेल्या पाच हिरव्या शेंगांचा मोह धरायचा नाही. त्या वेळी दाण्यात १५ ते १७ टक्के ओल असली तरी चालते, हातानं कापलेलं पीक पुढे जमिनीवर वाळतंच.

सगळं रान एकाच दिवशी तयार होत नाही, हेही लक्षात घ्या. बरड, मुरमाड तुकडा आधी वाळतो आणि खालच्या अंगाचं काळं रान चार-पाच दिवस मागे असतं. टोळीला ‘इथून सुरू करा’ हे आपण सांगायचं. त्यांना गाडी उभी राहील तिथून सुरुवात सोयीची वाटते, आणि बरेचदा ते रान तयार नसतं.

वेळेचं बंधन मात्र मी कुणासाठी सोडत नाही. सकाळी दवानं शेंग मऊ असते तेव्हा कापणी, दहा-अकरापर्यंत. ऊन चढलं की विळे खाली. बाया म्हणतात, मग दिवसाची मजुरी पडत नाही ताई. खरं आहे त्यांचं, म्हणून गुत्तं ठरवतानाच मी हे बोलून घेते आणि पेरलेल्या बियाण्याच्या बॅगमागे थोडे पैसे जास्त देते. २०१८ च्या हिशेबापुढे ते फार कमी आहेत. दुपारी मळणी करावी, कारण मळणीला कोरडी शेंगच हवी. कापलेलं उचलून बनीम, म्हणजे गंजी, रचायचं काम पुन्हा पहाटे किंवा दिवस मावळताना, आणि बैलगाडीत किंवा ट्रॉलीत खाली ताडपत्री अंथरून. झाडं उपटू नयेत. मुळासोबत माती येते, ती मळणीत दाण्यात मिसळते आणि बाजारात त्याच मातीमुळे भाव पडतो.

वाणाबद्दल शेवटचं. पाचही एकर एका दिवशी पक्व होतील असं करू नका. नावातली अक्षरं वाण कुठला ते सांगतात : जेएस म्हणजे जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जवाहर सोयाबीन, एमएयूएस म्हणजे आपल्या परभणीच्या विद्यापीठाचं, केडीएस म्हणजे सांगलीजवळच्या कसबे डिग्रजचं. फुले संगम हे केडीएस ७२६. परभणीचं एमएयूएस १५८ पक्व झाल्यावर दहा-बारा दिवस शेंग धरून ठेवतं, म्हणून मजुरांची टंचाई असलेल्यांना मी ते सांगते. हार्वेस्टरनंच काढायचं ठरलेलं असेल तर एमएयूएस १६२ बघा, ते त्याच कामासाठी दिलेलं आहे. जेएस ३३५ ठेवायचं असेल तर अर्धं ठेवा आणि त्याच्या तारखेला त्याच्याकडे जा.

कापून रानात पसरलेल्या सोयाबीनवर पाऊस आला तर काय करावं? लगेच गोळा करून झाकावं की तसंच ठेवावं? गेल्या वेळी गोळा केलं तर आतून गरम झालं.
— एक वाचक, कळमनुरी तालुका

गरम झालं म्हणजे ओलं रचलं गेलं. ओल्या बनिमीत वाफ धरते, बुरशी येते, दाणा काळपट पडतो आणि त्याला कुबट वास येतो. तो वास नंतर कितीही उन्हात घातलं तरी जात नाही. पाऊस यायच्या आधी, पीक कोरडं असताना रचून ताडपत्री टाकता आली तर ती टाका. एकदा भिजलं की मग रचू नका. पाऊस उघडला की काडीनं हलक्या हातानं उलथं करायचं आणि लहान लहान ढिगात मोकळं ठेवायचं. वारं लागलं पाहिजे. वरचं वाळलं म्हणून फसू नका, जमिनीला टेकलेली बाजू ओली राहते.

सोयाबीनच्या पिकलेल्या दाण्याला झोप नसते. ओल आणि ऊब मिळाली की तो शेंगेतच उगवायला लागतो. २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस ‘गुलाब’ चक्रीवादळाचा पाऊस मराठवाड्यावर आला तेव्हा उभ्या झाडावर शेंगेतून पांढरे कोंब बाहेर आलेले मी पाहिले. तसा माल वेगळा ठेवा. चांगल्या मालात मिसळून वजन वाढवायला जाल तर सगळ्या ढिगाला खालचा भाव लागेल.

रचताना एवढं करा : उंचवट्यावर जागा, खाली तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर, वर उतार देऊन रचाई आणि ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत न नेता खाली वीतभर मोकळी. दोन दिवसांनी हात आत खुपसून बघा. हाताला ऊब लागली तर त्याच दिवशी मोडून पसरा.

ओल ओळखायला यंत्र नसेल तर काचेची कोरडी बाटली घ्या, तिच्यात मूठभर दाणे आणि कोरडं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. न चिकटणं म्हणजे १२ टक्के नव्हे, आणि हमीभाव खरेदीचा नेहमीचा निकष १२ चा आहे. २०२४ च्या हंगामात केंद्रानं १५ टक्क्यांपर्यंतचा माल घ्यायला परवानगी दिली होती, पण दर वर्षी तशी सवलत मिळेल असं धरून चालू नका. मळणीनंतर एक-दोन उन्हं द्याच.

ताई, आमच्या महिला गटानं घरचं बियाणं ठेवायचं ठरवलं आहे. माल हार्वेस्टरनं काढलेला आहे, दाणा चकचकीत दिसतो. बी म्हणून चालेल का?
— एक वाचक, रिसोड तालुका

ताई, गटाचा निर्णय चांगला आहे. सोयाबीन स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे एकदा आणलेलं चांगलं बियाणं दोन-तीन वर्षं घरी राखून वापरता येतं. पण चकचकीत दिसण्यावर जाऊ नका.

प्रयोगशाळेत आमच्याकडे सर्वांत सुंदर दिसणारे नमुने कधी कधी चाळीस टक्केसुद्धा उगवायचे नाहीत, आणि आणणाऱ्याचा विश्वास बसायचा नाही. सोयाबीनच्या दाण्याचं टरफल अगदी पातळ असतं आणि कोंब-मुळाचा भाग त्या टरफलाच्या लगेच खाली असतो. ज्वारीला किंवा हरभऱ्याला जो मार सहज सोसतो तो सोयाबीनला सोसत नाही. ड्रमचा फटका, पोतं ट्रॉलीतून आपटणं, उंचावरून ओतणं, या सगळ्यात आतला कोंब दुखावतो आणि वरून काही दिसत नाही. म्हणून बियाण्यासाठी रानाचा एक चांगला पट्टा आधीच राखून ठेवा, तो हातानं वेळेवर कापा आणि मळणीयंत्राचे फेरे कमी करून घ्या. दाण्यात १४ टक्के ओल असेल तर मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४०० फेरे. यंत्रवाल्याला हे सांगितलं की तो कुरकुरतो, कारण त्याचा वेळ जातो. शेजारी उभं राहून करून घ्यावं लागतं. फुटायला आलेलं, जास्त वाळलेलं पीक बियाण्याला धरू नका, ते मळणीत फार फुटतं.

आत्ता जो माल आहे त्याची आधी पाण्यात परीक्षा घ्या. शंभर दाणे पाण्यात टाका आणि पाच-दहा मिनिटांनी बघा. टरफल तडकलेले दाणे लगेच फुगून सुरकुततात. असे बरेच दिसले तर तो ढीग बाजाराला पाठवा.

पाण्यात टिकला तर गोणपाट. ओलं करून पिळलेलं गोणपाट अंथरा, त्यावर दहाच्या दहा ओळी अशा शंभर दाणे बोटभर अंतरानं ठेवा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज शिंपडत राहा. असे तीन-चार संच लावा, एकावर विसंबू नका. सहा-सात दिवसांनी उलगडून मोजा. इथे बहुतेक जण चुकतात : कोंब दिसला की मोजतात. ज्याचं मूळ तुटलंय, खुंटलंय, किंवा कोंब वाकडा आणि काचेसारखा आहे, तो रानात माती फोडून वर येणार नाही. तो मोजायचा नाही. मला हे शिकायला दोन वर्षं लागली होती, आणि माझ्या वरिष्ठ बाईंनी माझे आकडे कितीदा तरी खोडले होते.

सरासरी ७० किंवा त्याहून जास्त आली तर एकरी ३० किलो पेरा. ६० आली तर ३५ किलो. त्याच्या खाली आली तर बी म्हणून वापरू नका. ही तपासणी मळणीनंतर एकदा आणि मे महिन्यात परत एकदा करा, कारण उन्हाळ्यात उगवण घसरते. साठवताना ओल १० टक्क्यांच्या आसपास आणा, पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर, चार-पाचपेक्षा जास्त थर नकोत. खालच्या पोत्यावर पडणारं वजन हाही मारच. आणि गटातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की या पोत्यावर कुणी बसायचं नाही.

मजूर मिळत नाहीत. उभ्या पिकावर पॅराक्वाट हे तणनाशक फवारून पाला वाळवला तर हार्वेस्टरला सोपं जातं असं दुकानदार सांगतो. करावं का?
— एक वाचक, निलंगा तालुका

नाही. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही, आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही ते उडतं. खाण्याच्या दाण्यावर, काढणीच्या तोंडावर मी ते मारणार नाही आणि कुणाला सांगणारही नाही. दाणा भरायच्या आत मारलं तर वजनही जातं. पुढच्या हंगामात लवकर येणारा एक वाण आणि शेंग धरून ठेवणारा एक वाण अशी विभागणी करा, आणि हार्वेस्टरवाल्याला पहिली शेंग रंगली त्या दिवशीच तारीख मागा. २०१८ ला मी ती उशिरा मागितली होती, आणि तेरा दिवस पीक वाळून उभं राहिलं.